पेशी पुढे ढकलली

जबलपूरच्या सराफ्यात वाढलेल्या मराठी माणसाला ‘पेशी’ हा शब्द दोन अर्थांनी भेटतो. घरातल्या मराठीत पेशी म्हणजे सजीव देहाचा मूलभूत घटक. उंबऱ्याबाहेरच्या हिंदीत त्या घटकाला कोशिका म्हणतात, आणि पेशी म्हणजे न्यायालयातली तारीख. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय याच शहरात असल्यामुळे पेशी पुढे ढकलली जाते म्हणजे काय होते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हणूनच आठवीच्या पुस्तकातील पेशीच्या प्रकरणाविषयी कोणी ‘ते काढले नव्हते, नववीवर ढकलले होते’ असे समजावू लागले, की मला आधी तो बाहेरचा अर्थ आठवतो.

घडले ते असे. 2022-23 या वर्षी एन.सी.ई.आर.टी.ने महासाथीनंतरचे ओझे हलके करण्यासाठी पाठ्यपुस्तकांची ‘सुसूत्रीकरण’ या सभ्य नावाने छाटणी केली. आठवीच्या विज्ञानातून पाच प्रकरणे समूळ गेली: कृत्रिम धागे व प्लास्टिक, धातू-अधातू, पेशीची रचना व कार्ये, तारे व सूर्यमाला, आणि हवा-पाण्याचे प्रदूषण. दहावीतून उत्क्रांती गेली तेव्हा देश जागा झाला. एप्रिल 2023 मध्ये 1800 हून अधिक वैज्ञानिकांनी, शिक्षकांनी व विज्ञानप्रेमींनी निषेधपत्रावर सह्या केल्या. ते योग्यच झाले. परंतु त्या गदारोळात आठवीची पेशी मुकाट्याने गेली. तिच्यासाठी तेवढा आवाज उठला नाही, कारण उत्क्रांतीमागे राजकारण दिसत होते आणि पेशीमागे केवळ निष्काळजीपणा. निष्काळजीपणाचा आपल्याला राग येत नाही, हे आपले जुनेच दुखणे.

छाटणीच्या निकषांपैकी एक असा होता, की तोच आशय खालच्या वा वरच्या इयत्तेत असल्यास तो वगळावा. नववीत पेशीवर स्वतंत्र प्रकरण आहे, हे खरे. सातवीतही पेशीची ओळख होती. एका लहानशा चौकटीत, घराच्या विटेची उपमा देऊन. मग आठवीत हवी कशाला, असा हिशेब झाला असावा. पण हिशेब करणाऱ्याने आठवीचेच पुस्तक पुढे वाचले असते, तर त्याची लेखणी अडखळली असती. प्राण्यांच्या प्रजननाचे प्रकरण कायम राहिले. त्यात मुलांना सांगितले जाते, की शुक्राणू ही एक पेशी आहे, अंडे हीदेखील एकच पेशी आहे, दोहोंच्या मीलनातून होणारा युग्मनज विभागत जातो, पेशींचा गोळा होतो, त्यांचे गट पडतात, आणि त्या गटांतून ऊती व अवयव घडतात. सजीवाच्या संघटनाची सारी कथा या चार वाक्यांत आली, आणि कथेची नायिका कोण ते सांगणारे प्रकरण कात्रीखाली गेले!

राहिली ती सातवीची वीट. या उपमेवर माझा जुना राग आहे, आणि वगळलेले प्रकरणही तिच्यावाचून चालत नव्हते, हे कबूल केले पाहिजे. वीट घराबाहेर घडते, मग घर बांधले जाते. एका विटेपासून दुसरी वीट निघत नाही. देहाचे उलटे आहे. एकाच पेशीपासून आरंभ होतो, ती दुभंगत राहते, आणि त्याच वंशातल्या पेशी पुढे कोणी चेतापेशी, कोणी स्नायुपेशी, कोणी लोहितपेशी होतात. पेशी पेशीपासूनच येते, हे विरखोने 1855 मध्ये ठासून सांगितले. 1665 मध्ये रॉबर्ट हूकला बुचाच्या कापात जे रिकामे कप्पे दिसले ते मृत पेशींच्या भिंती होत्या; तेवढ्यावरच थांबले असते तर वीट ही उपमा शोभलीही असती. विज्ञान पुढे गेले, चौकट मात्र तिथेच उभी राहिली.

या चर्चेत प्राण आणणारी गोष्ट आमच्या महाकोशलातच आहे. 1 जुलै 2023 रोजी इथून फार दूर नसलेल्या शहडोलहून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ केला. आदिवासीबहुल भागांतील शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे तिचे ध्येय. मोहीम स्तुत्यच आहे. या आजारावर काम करणारी आय.सी.एम.आर.ची राष्ट्रीय जनजाति स्वास्थ्य अनुसंधान संस्था तर जबलपुरातच आहे. पण आजाराचे नावच पाहा: सिकल सेल, विळ्यासारखी पेशी. ज्या वर्षी हे नाव गावोगाव पोचवायचे सरकारने ठरवले, त्या वर्षी आठवीच्या पुस्तकात पेशीचे प्रकरण नव्हते.

हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढाच बदल. प्राणवायू सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठर दोर होतात आणि मऊ, तबकडीसारखी लोहितपेशी विळ्याच्या आकाराची होते. निरोगी लोहितपेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत संपते. ती केशवाहिन्यांत अडकते, हाडे ठणकतात, प्लीहा निकामी होते, मूल शाळेत येईनासे होते. रेणू, पेशी, ऊती, अवयव, माणूस, घर: पुस्तकात आडव्या बाणांनी दाखवली जाते ती उतरंड हीच. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक ही शक्यता असते. तपासणीनंतर हाती येणाऱ्या जनुकीय स्थितीच्या कार्डावर पुढे विवाहाचे निर्णय व्हायचे आहेत. ज्याला पेशी म्हणजे वीट एवढेच ठाऊक, तो त्या कार्डातून काय वाचणार? वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे तो भावी सासऱ्याला कसे पटवणार?

यावर कोणी म्हणेल, नववीत शिकेल की! शिक्षणहक्क कायदा 2009 चा आहे. तो सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाची हमी देतो, आणि ती हमी आठवीशी संपते. नंतर फी आहे, दूरची शाळा आहे, शेत आहे, धाकटी भावंडे आहेत. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलीच्या बाबतीत ‘नववीत ढकलले’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असाच होतो. मोहीम जिच्यासाठी आखली, तीच मुलगी नेमकी या फटीतून खाली पडते. महाराष्ट्रात बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात पेशी व पेशीअंगके शाबूत होती, म्हणजे हे वय त्या आशयाला कोवळे आहे, असेही म्हणता येत नाही.

दुसरा एक निकष होता, मुले स्वतःहून शिकू शकतील असा आशय वगळण्याचा. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती स्वतःहून कशी शिकायची? आमच्या सराफ्यात डोळ्याला भिंग लावल्यावाचून कोणी हिरा घेत नाही, मग समोरचा कितीही सज्जन असो. शुक्राणू पहिल्यांदा पाहिला तोही विद्यापीठातल्या पंडिताने नव्हे, तर डेल्फ्टच्या लेव्हेनहुक नावाच्या कापडविक्याने, 1677 मध्ये, स्वतः घासलेल्या भिंगातून. आणि याच नर्मदेच्या काठी, होशंगाबाद जिल्ह्यात, 1972 साली सोळा शाळांत असा प्रयोग सुरू झाला, की माध्यमिक वर्गातली खेड्यातली मुले विज्ञान हातांनी करून शिकतील. तो शेकडो शाळांपर्यंत पोचला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तेव्हाही कारण सुसूत्रतेच्याच जातीचे होते.

2025 मध्ये आठवीला ‘क्युरिऑसिटी’ हे नवे पुस्तक आले आणि दुसऱ्याच प्रकरणात पेशी परत आली. आनंद आहे. पण परत आणताना, ती गेली होती आणि जायला नको होती, असे स्पष्ट शब्दांत सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मधल्या तीन वर्षांत आठवी ओलांडलेली मुले आता कोठे आहेत? काही नीटच्या शिकवण्यांत तंतुकणिकेच्या व्याख्या पाठ करीत आहेत; त्यांचे निभावेल. बाकीच्यांसाठी माझी मागणी साधी आहे. मंडला-दिंडोरीत सिकल सेलचे शिबिर लागेल तेथे रांगेच्या तोंडाशी एक सूक्ष्मदर्शक ठेवा. त्याखाली कांद्याची आयोडीन लावलेली पापुद्री ठेवा, शेजारी रंगवलेला रक्तलेप ठेवा, आणि कार्ड हाती देण्याआधी प्रत्येकाला दोन्ही पाहू द्या.