आधी मधली सुट्टी परत द्या

दुसरीतला मुलगा पाढे लिहिता लिहिता उठतो, शेजाऱ्याचा खोडरबर उचलतो, खिडकीशी जातो. हाक मारली की जागेवर येतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठतो. डायरीत लाल शाईचे शेरे साचतात आणि शेवटी शिक्षा होते: मधली सुट्टी बंद. ज्याच्या पायाला भिंगरी आहे, त्याला दिवसात धावायला मिळणारा तेवढाच वेळ आपण काढून घेतो. वर उरलेले तास त्याने शांत बसावं अशी अपेक्षाही धरतो. या शिक्षेमागे काही ठाम समजुती आहेत. त्या तपासून पाहू.

पहिली समजूत: हे सारे लाडांचे आणि मोबाईलचे प्रताप. मोबाईलची वकिली मी करणार नाही. पण बुद्धी चांगली असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, अशा मुलांबद्दल जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये व्याख्यानं दिली ती १९०२ साली. तेव्हा कुठला मोबाईल आणि कुठलं कार्टून! आज या अडचणीला एडीएचडी म्हणतात. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून तिच्यातला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश निघाला आहे. पालकसभेत मान खाली घालून बसलेल्या एखाद्या बापाला स्वतःची दुसरी आठवत असते, ती उगीच नाही.

दुसरी समजूत जास्त फसवी: ‘कार्टून तासभर बघतो, म्हणजे लक्ष आहे, अभ्यासच करायचा नाही.’ कार्टून क्षणाक्षणाला चित्र बदलून लक्ष खेचून घेतं; पाढ्यांकडे ते आपणहून न्यावं लागतं आणि तिथेच टिकवावं लागतं. या मुलाचं अडतं ते नेमकं इथे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराची वाढ इतर मुलांसारख्याच क्रमाने, पण सरासरी तीन वर्षं उशिरा होताना दिसली. तेव्हा ‘मनात आणलं तर बसेल’ हे वाक्य ऐकायला सोपं असलं, तरी त्या मुलाच्या बाबतीत खरं नाही.

तिसरी समजूत छडीची. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले आहेत. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी फटक्याने मूल तेवढ्यापुरतं थांबतं. स्वतःला थांबवायला शिकत नाही.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे. बाई म्हणतात, ‘माझ्यासमोर पन्नास मुलं. या एकाकडे बघू की बाकीच्यांकडे? याला विशेष शाळेत घाला.’ बाईंची तक्रार खरी आहे. २००९च्या याच शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी सर्वसाधारण प्रमाण ३० मुलांमागे एक शिक्षक असं आहे. पण पन्नास मुलं कोंबली ती व्यवस्थेने. त्याची किंमत सात वर्षांच्या पोराने का मोजावी? शिवाय त्याला पाठवणार कुठे? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळं नोंदलेलं नाही. बहुतेकदा बुद्धीने तो इतरांच्या बरोबरीचा असतो. हीच शाळा त्याची शाळा आहे.

मग बाईंनी करावं काय? त्याला पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर, आपल्या हाताच्या अंतरावर बसवावं. वीस गणितं एकदम न देता पाच-पाच द्यावीत. एका वेळी एकच सूचना सांगावी आणि ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. त्याला उठायचंच असतं, तर फळा पुसायला, वह्या वाटायला उठवावं. डायरीत रोज दोनच नोंदी कराव्यात: हात वर करून बोलला का, पाच गणितं पुरी केली का. जमलं तर शाबासकी त्याच दिवशी, घरीही. वार्षिक संमेलनातलं बक्षीस त्याच्यासाठी फार लांब असतं. यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही, आणि लहान तुकड्यांत काम व नेमकी सूचना यांचा फायदा उरलेल्या एकोणपन्नासांनाही होतो.

याचा अर्थ प्रत्येक चुळबुळ्या मुलावर शिक्का मारावा, असा नाही. वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांत आढळलं आहे. आधी कान, डोळे, झोप तपासावी. लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिने तरी दिसायला हवीत. निदान डॉक्टरांनी करावं, बाईंनी किंवा शेजारणीने नव्हे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. पुढे डॉक्टरांनी औषध सुचवलं, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण आधाराला निदानाची वाट पाहायचं कारण नाही. डॉक्टरांचा कागद यायला महिने लागतील. बाक बदलायला एक मिनिट लागतं. बाई, तो बाक उद्या बदला. मधली सुट्टी मात्र आजच परत द्या.