पडवीतली कचेरी आणि हरवलेला रविवार

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. मुलींचे प्रमाण घटत असल्याची चिंता राज्यभर व्यक्त होत असताना हा आकडा पाहून कुणाला बरे वाटले असेल, तर त्याने जरा थांबावे. हा आकडा मुख्यतः पुरुषांच्या गैरहजेरीचा आहे. कोकणातला कर्ता पुरुष जन्मतो गावात आणि मोजला जातो मुंबई-ठाण्यात. गावाला तो दिसतो गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. म्हणून तर त्याचे नाव चाकरमानी.

दीडशेहून अधिक वर्षे हे असेच चालले आहे. भात चार महिन्यांचे आणि पोट बारा महिन्यांचे, हा इथला हिशेब. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या आणि जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण बोटीत बसून त्या भोंग्याकडे निघाला. मागे राहिलेली बायको आणि म्हातारी आई पोस्टमनची वाट पाहू लागल्या. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली. प्रवास सोपा झाला, दिशा मात्र तीच राहिली. काम तिकडे, घर इकडे.

ही दिशा पहिल्यांदा फिरली ती मार्च २०२० मधल्या टाळेबंदीने. संगणकावर काम करणारी मुले-मुली लॅपटॉप घेऊन गावी आली. पडवीत टेबल लागले, रेंज मिळेना तेव्हा सड्यावर जाऊन बैठका झाल्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीत विजेचे खांब आडवे केले आणि मुंबई-पुण्याची ही नवी नोकरी शेवटी एका खांबावर उभी आहे, हेही कळले. तरीही ज्यांना जमले त्यांनी ही सवलत पुढेही टिकवली. आठवड्यातले काही दिवस का होईना, कोकणातल्या घरात कर्ता माणूस दिसू लागला. आईच्या औषधाची वेळ त्याला ठाऊक झाली, कलमांना मोहोर कधी आला हे फोनवर विचारावे लागले नाही. या सुखाची किंमत बाहेरच्यांना कळणार नाही.

पण या सुखाला एक बारीक चीर आहे. गावचे शेजारी म्हणतात, 'घरीच तर आहेस, जरा बाजारात जाऊन ये.' रात्री नऊ वाजता साहेब म्हणतात, 'घरीच तर आहात, जरा एवढी फाईल बघा.' वाक्य एकच, दोन बाजूंनी येते. सुनेची अवस्था तर याहून बिकट. तिच्या एका कानात बैठक आणि दुसऱ्या कानात कुकरची शिट्टी असते. खुर्ची, पंखा, वीजबिल, इन्व्हर्टर हा पूर्वी मालकाचा खर्च होता. पुष्कळ ठिकाणी तो गुपचूप नोकराच्या खात्यावर गेला आहे.

आज ही पुरवणी आपण निवांत वाचत आहात, तो रविवार कुणी खिरापत म्हणून वाटलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, हजारोंच्या सभा घेतल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. ते शक्य झाले, कारण ती माणसे एकाच चाळीत राहत होती, एकाच दरवाजातून आत जात होती आणि एकच भोंगा ऐकत होती. भोंगा माणसाला जुंपत असे हे खरे. पण पाळी संपल्याचेही तोच सांगत असे.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एका खोलीत वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपत, ते काही सुख नव्हे. प्रश्न वेगळा आहे. पडवीतल्या कचेरीला भोंगा नाही आणि शेजारी सोबतीही नाही. सहकारी कुणी पुण्यात, कुणी बंगळुरात, पडद्यावरच्या चौकोनापुरता. तो रोज मध्यरात्रीपर्यंत राबतो की नाही, हे कळणार कसे? आणि कळले नाही तर एकत्र मागणी करणार कोण?

घरातले काम कायद्याला अगदी नवे आहे, असेही नाही. सोलापूर-सिन्नरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या त्या बाईलाही कामगार मानले. लॅपटॉपवाल्याला मात्र आपण कामगार आहोत हे म्हणायचीच लाज वाटते. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून सुटका हा हक्क मानला. आपल्या लोकसभेत डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी तशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर कामाचे तास नेमणूकपत्रात लिहून घेणे आणि विजेचा-इंटरनेटचा खर्च मागणे, एवढे तरी करता येईल. आणखी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे. वाचनालयांची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. तालुक्याच्या वाचनालयाने एक खोली, चार टेबले आणि भरवशाची वीज दिली, तर वेगवेगळ्या कंपन्यांची मुले-मुली एकत्र बसतील, एकमेकांचे तास आणि पगार विचारतील. आणि संध्याकाळी सात वाजता शिपाई कुलूप लावील, तेव्हा सगळे उठतील.

चाकरमानी दीडशे वर्षांनी घरी येतो आहे. तो नुसता देहाने घरी येऊन भागणार नाही. जेवायला बसल्यावर त्याचे लक्ष ताटात असले पाहिजे, आणि ते मागायला त्याने एकट्याने नव्हे, चार जणांना बरोबर घेऊन उभे राहिले पाहिजे.