पटकथेची जीटी मारता येत नाही

आमच्या रूमवर एक रायटर राहतो. नाव सांगत नाही, होस्टेलवर सगळ्यांना माहीतच आहे. सेकंड इयरला असताना त्याने मेसमध्ये जाहीर केलं, "मी पिक्चर लिहितोय." तेव्हा इतका हशा पिकला की वाढणाऱ्या मावशी हातातली पोळी तशीच धरून बघत राहिल्या. मीही हसलो होतो, आणि सगळ्यात मोठ्यानं. त्यानंतर त्याची एम-थ्री राहिली, दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या, आमचे प्लेसमेंटचे दिवस आले. हा अजून लिहितोच आहे. चौथा ड्राफ्ट संपून पाचवा चालू आहे.

त्याची गोष्ट एका मुक्कामी एसटीची आहे. शेवटच्या गावात रात्री गाडी थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपतात आणि सकाळी परत निघतात. तेवढ्या एका रात्रीत जे घडतं तो पिक्चर. ऐकल्यावर प्रत्येक जण म्हणतो, "भारी आयडिया आहे रे!" आणि पुढच्याच वाक्यात, "माझ्याकडेपण एक आयडिया आहे, तू लिही."

माझं भांडण या वाक्याशी आहे. पिक्चर म्हणजे आयडिया, ती सुचली की काम झालं, बाकी टायपिंग, असा आपला पक्का समज आहे.

'लगान'चंच बघा. आशुतोष गोवारीकरांचे आधीचे दोन पिक्चर, 'पहला नशा' (१९९३) आणि 'बाजी' (१९९५), फारसे चालले नव्हते. तरी ते आमिर खानकडे गोष्ट घेऊन गेले. १८९३ सालचे शेतकरी लगान माफ व्हावा म्हणून इंग्रजांशी क्रिकेट खेळतात. आमिरला ते विचित्र वाटलं, तो नाही म्हणाला. गोवारीकरांनी काही महिने बसून पूर्ण पटकथा लिहून काढली आणि पुन्हा त्याच्याकडेच गेले. या वेळी आमिर गुंतला. तरी पुढे निर्माता मिळेना, शेवटी तो स्वतःच निर्माता झाला. २००१ साली पिक्चर आला, पुढच्या वर्षी ऑस्करच्या अंतिम पाचात होता. आता सांगा, पहिल्या भेटीत आणि दुसऱ्या भेटीत फरक काय होता? आयडिया तर तीच होती. अकरा जण कोण, प्रत्येक जण टीममध्ये का येतो, कचरा हाताने अधू आहे तर त्याचा बॉल का वळतो, हे सगळं मधल्या काळात कागदावर आलं होतं.

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी जीटी मारली आहे. दोन खुर्च्यांवर काच, खाली दिवा, त्यावर टॉपरची शीट आणि वर आपली कोरी. लाईनवर लाईन काढली की सबमिशन झालं. पटकथेतही जीटी मारणारे खूप आहेत. दुसऱ्याच्या पिक्चरवर कागद ठेवायचा आणि गावाचं नाव बदलायचं. पण जीटी मारलेली शीट व्हायवात उघडी पडते. "ही डॉटेड लाईन का?" असं सरांनी विचारलं की आपण छताकडे बघतो. पटकथेची व्हायवा प्रेक्षक घेतो, आणि तो तर तोंडी प्रश्नही विचारत नाही, सरळ उठून जातो.

हे काम किती बारीक असतं ते मी रूमवर बघितलंय. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं. 'त्याला वाईट वाटलं' असं लिहून चालत नाही, कारण कॅमेऱ्याला वाटणं दिसत नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये याचा कंडक्टर आपल्या आयुष्यावर दोन पानं बोलायचा. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये ती दोन्ही पानं गेली. आता कंडक्टर कंदिलाच्या उजेडात कॅशबॅगेतले पैसे मोजतो, हिशेब बरोबर येतो, तरी पुन्हा मोजायला बसतो. बस्स, एवढंच. ही साडेतीन ओळींची जागा सापडायला त्याला अख्खं सेमिस्टर लागलं. (त्याच सेमिस्टरला एम-थ्री राहिली, हे त्याच्या घरी कळू नये.)

आता कोणी म्हणेल, चिकाटी धरली की सगळ्यांचा 'लगान' होतो का? नाही होत. न बनलेल्या पटकथा ट्रंकेत पडून राहतात आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. म्हणून त्याने डिग्री सोडावी असं मी अजिबात म्हणत नाही. तोही म्हणत नाही. पण आपण त्याला किती फुकट छळतो! "कधी येतोय रे पिक्चर?" हा प्रश्न मी स्वतः शंभरदा विचारलाय. आपल्या लायब्ररीत तेंडुलकरांची नाटकं आहेत, पण 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' यांच्या पटकथा त्यांच्याच, हे किती जणांना माहीत आहे? लायब्ररीत छापील पटकथांची चार पुस्तकं आली तर बरं होईल, ही सरांना विनंती.

आणि एक कबुली. दुसरा ड्राफ्ट त्याने मला वाचायला दिला होता. मी अकरा पानं वाचली आणि म्हणालो, "एक नंबर!" तो दोन दिवस खुशीत होता. मग त्याने सहज विचारलं, "शेवट पटला का?" मी म्हणालो, "हो, मस्त." त्या ड्राफ्टला शेवट नव्हताच. तो काही बोलला नाही, कागद उचलून आपल्या कॉटवर जाऊन बसला.

पाचव्या ड्राफ्टची साठ पानं परवा मी स्वतःहून मागून घेतली. पेन्सिल घेऊन बसलोय. पान ४७ वर ड्रायव्हर पाणी आणायला जातो आणि पुढची नऊ पानं परतच येत नाही. आज जेवताना त्याला विचारायचंय, कुठे गेला म्हणून.