मलम नंतर, आधी टँक बघा



‘साप पाळणं हीच मुळात चूक, मग त्याच्या जखमेवर काय लावायचं ही चर्चा हवीच कशाला?’ असा सूर प्राणिप्रेमी मंडळींकडून हल्ली वारंवार ऐकू येतो. मला तो पटत नाही, म्हणून हे पत्र.

देशी साप घरात ठेवणं हा गुन्हा आहे, त्यात वाद नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे ‘आम्ही त्याला जीव लावतो’ ही सबब चालत नाही. पण बॉल पायथनसारख्या परदेशी सापांसाठी सरकारनेच वेगळी वाट काढली आहे. जून २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने असे प्राणी स्वतःहून जाहीर करण्याची मुभा दिली. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियम निघाले. त्यांनुसार आधीपासून असलेल्या प्राण्यांची नोंद मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर सहा महिन्यांत करायची होती. म्हणजे असे साप आज सरकारच्या माहितीने लोकांच्या घरात आहेत. त्यांना खरचटणार, भाजणार, उंदीर चावणार. तेव्हा तोंड फिरवून ‘पाळलाच कशाला’ म्हणत बसलं तर शिक्षा मालकाला नव्हे, सापाला होते.

चोरटा व्यापार थांबलाच पाहिजे, हेही मान्य. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. तशा प्रवासातून जिवंत उतरलेला साप कोणत्या अवस्थेत असेल, याची कल्पना करा. बिनकागदाचा साप घेणारा माणूस पुढे डॉक्टरकडे जायलाही बिचकतो आणि घरीच काहीबाही फासत बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पाळलेल्या सापाच्या अंगावरची लहान जखम बहुतेक वेळा त्याच्या टँकमधल्या दोषामुळे झालेली असते. मालक मात्र आधी मलमाचं नाव विचारत सुटतो.

आमच्या नात्यातल्या एका मुलाने नेरूळला रीतसर नोंदणी केलेला बॉल पायथन ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पोटाखालचे काही आडवे खवले तपकिरी पडले, कडा उचलल्या गेल्या आणि बोट लावलं की चिकट पाणी लागायला लागलं. मुलाने खोबरेल तेलात हळद कालवून लावली. पिवळं पोट घेऊन साप त्याच टँकमध्ये परत गेला. कुणीतरी तळाचा नारळाचा भुसा उचलून पाहिला, तर खाली ओल, बुरशी आणि कुबट वास. पाण्याचं भांडं हलून सांडत होतं. वरून आपली आषाढातली हवा. तो भुसा जागेवर होता तोवर जगातलं कुठलंही मलम उपयोगाचं नव्हतं.

साप पोटावर जगतो, त्यामुळे ओल्या आणि घाण तळाची पहिली किंमत पोटाचे खवले मोजतात. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे थर्मोस्टॅटशिवाय लावलेला हीटिंग पॅड. पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप कित्येकदा तिथून हलत नाही. तिसरं कारण तर मालकाच्या हौसेतून येतं. जिवंत उंदीर टँकमध्ये सोडायचा आणि आपण झोपायला जायचं. साप भुकेला नसला तर रात्रभर उंदीरच सापाची पाठ कुरतडतो. मेलेला उंदीर चिमट्याने दिला की हा प्रश्नच उरत नाही, पण मग ‘शिकार’ बघायची मजा जाते ना! याशिवाय नाकाचा शेंडा सोललेला दिसला तर साप काचेवर किंवा जाळीवर घासतोय, म्हणजे त्याला लपायला जागा नाही किंवा तापमान चुकलंय, असं समजावं.

जखम ओळखण्यातही घोटाळे होतात. कात टाकायच्या आधी पोट गुलाबीसर दिसतं, कातडी मळकी होते, डोळे दुधाळ होतात. ते दुखणं नव्हे; त्या दिवसांत त्याला हात न लावणं उत्तम. पण लाली पोटभर न पसरता एकाच जागी असेल, तिथले खवले फुगले किंवा उचलले असतील, फोड किंवा खपली असेल, तर ती जखम. टाकलेली कात फेकण्याआधी उजेडात धरून पाहावी. भोक किंवा चिकटून राहिलेला तुकडा कुठे आहे, त्यावरून जखमेची जागा सापडते.

आणखी एक गोष्ट कुत्र्यामांजरांची सवय असलेल्यांना ठाऊक नसते. सापाचा पू वाहत नाही. तो कातडीखाली घट्ट, पिवळट गोळा होऊन बसतो. वरून मलम लावून तो विरघळत नाही, डॉक्टरांनाच तो काढावा लागतो. त्यामुळे ‘पू नाही, म्हणजे ठीक आहे’ या हिशेबावर राहू नये. कठीण गाठ लागली, मांस दिसलं, दुर्गंधी आली, पोटावर बारीक लाल ठिपके पसरले किंवा साप तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर घरगुती उपचारांची वेळ गेली असं समजून निघावं.

खरोखर वरवरचं खरचटलं असेल तर काम थोडकंच आहे. सलाइनने जागा धुवावी. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून हलक्या हाताने लावावं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दूर ठेवावं. त्यांनी भरून येणारी कातडीच जळते. बधिर करणारं औषध मिसळलेलं मलम सापाला अपाय करू शकतं. चिकटपट्टी तर नकोच. काढताना खवल्यांसकट निघते. हळदीशी माझं भांडण नाही, पण तेलातली हळद खवल्यांच्या फटीत बसते आणि घाण धरून ठेवते. टँकमधला भुसा काढून साधा पांढरा कागद अंथरावा, रोज बदलावा. उबेची बाजू ३१ ते ३३ अंशांवर ठेवावी, कारण सापाची प्रतिकारशक्ती त्याच्या अंगच्या उबेवर चालते. थंड पडलेल्या सापाची जखम चिघळते. मग धीर धरावा. खवले पूर्ववत व्हायला दोन-तीन वेळा कात पडावी लागते.

हे सगळं पाळलेल्या परदेशी सापाबद्दल. आमच्या दिवाळे गावात जो प्रसंग जास्त येतो त्याचे नियम वेगळे आहेत. इथे मासळी आहे म्हणून उंदीर आहेत, उंदीर आहेत म्हणून धामण येते, आणि घरामागे टाकलेल्या जुन्या नायलॉनच्या जाळ्यात अडकते. ती जितकी धडपडते तितका तो बारीक धागा खवल्यांखाली रुततो. अशा वेळी धागा ओढायचा नसतो. खवल्यांची टोकं शेपटीकडे असतात, उलट ओढलं की खवला सोलून निघतो. मी पाहिलं तेव्हा सर्पमित्राने बोथट टोकाची कात्री कातडीशी आडवी सरकवून एकेक फास कापला आणि प्रत्येक तुकडा हातात घेऊन मोजला, आत काही राहिलं नाही ना म्हणून. गळ्याजवळ नुसता वळ होता. वनखात्याला कळवून तिला त्याच संध्याकाळी खाजणाच्या कडेला सोडलं.

तिथे जमलेल्यांपैकी दोघे-तिघे म्हणत होते, ‘चार दिवस ठेवू या, बरी झाली की सोडू.’ हेतू चांगला, पण चूक. एक तर तो कायद्याने गुन्हा. दुसरं, रानातला साप बादलीत कोंडला की खात नाही, भिंतीवर नाक आपटून घेतो आणि जुन्या जखमेत नवीची भर घालतो. वरवरचा ओरखडा त्याचा तो भरतो. खोल जखम असेल तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करावा. आपली जुनी जाळी गुंडाळून ठेवली किंवा वेळेवर भंगारात दिली, तर यातला निम्मा त्रास मुळातच टळेल. हे मी आमच्याच गावकऱ्यांना सांगतोय.

आणि सरकारला सांगणं एवढंच. नोंदणी करून घेतलीत, जन्म-मृत्यू कळवायला लावलंत, आता त्या नोंदणीच्या कागदाबरोबर एक पान मराठीतून द्या. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर जिल्ह्यात कुठे आहेत, त्यांची नावं त्यात हवीत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांनी साध्या दवाखान्यांतल्या पशुवैद्यांसाठी दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत. सापाला इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात का देतात, हे तरी प्रत्येक तालुक्यात एखाद्याला ठाऊक असावं. तोवर मालकांनी सापाला हात लावण्याआधी टँकमधला तळ उचलून पाहावा.

एक वाचक,
दिवाळे गाव, बेलापूर, नवी मुंबई