लाज नव्हे, हिशेब

बीडसाठी 2025 मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने 191 कोटी रुपयांचं कौशल्य प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं. त्यावेळचे पालकमंत्री अजित पवार यांनी त्याचा पाठपुरावा केला, बातम्या झाल्या, दर वर्षी सात हजार तरुणांना आधुनिक यंत्रांवर शिकायला मिळेल असं सांगण्यात आलं. केंद्राला माझा विरोध नाही. मराठवाड्याच्या वाट्याला काही येत असेल तर ते दारातून परत पाठवण्याइतके आपण गबर झालेलो नाही. माझं भांडण आहे ते अशा केंद्रांभोवती रंगणाऱ्या प्रवचनाशी. त्याचा सूर ठरलेला असतो : पोरं रिकामी आहेत कारण हातात कौशल्य नाही, कौशल्य नाही कारण पोरांना आणि त्यांच्या मायबापांना हातकामाची लाज वाटते, तेव्हा लाज सोडा, कौशल्य घ्या, म्हणजे ऊसतोडीचा कोयता आपोआप सुटेल. या साखळीची एकही कडी मला धड दिसत नाही.

आधी लाजेचं पाहू. दसरा झाला की ज्या जिल्ह्यातून लाखो माणसं बिऱ्हाड उचलून कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात, त्या जिल्ह्याला श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान द्यायला धाडसच लागतं. पण तेही बाजूला ठेवू. डी.एड. काय होतं? निखळ व्यवसायशिक्षण. दोन वर्षं शिकायचं आणि एक ठरलेलं काम करायचं. 2000 नंतरच्या दशकात मराठवाड्यात गावोगाव अध्यापक विद्यालयं निघाली. बारावीला चांगले गुण असलेली पोरं-पोरी इंजिनिअरिंग सोडून तिकडे वळली, बापांनी रान गहाण ठेवून डोनेशन भरलं. शिक्षणसेवकाला सुरुवातीला महिना 3,000 रुपये मिळत, पण तीन वर्षांनी कायम होण्याची खात्री होती. 2012 च्या सुमारास भरती थांबली, 2013 च्या डिसेंबरात टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि बघता बघता वर्ग ओस पडले, कित्येक विद्यालयांना टाळं लागलं. या चार-पाच वर्षांत समाजाची मानसिकता बदलली, असं कुणी म्हणेल का? मानसिकता होती तीच होती. त्या शिक्षणामागचा पगार गेला. नर्सिंग, डी.फार्म, डीएमएलटी यांच्या बाबतीतही तेच. हे सगळे धंद्याचेच अभ्यासक्रम आहेत आणि बीड-अंबाजोगाईच्या कुणब्या-वंजाऱ्यांनी, दलितांनी त्यांना कधी नाक मुरडलेलं नाही.

फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने घानाच्या शाळा पाहून 1965 मध्ये हेच मांडलं होतं. आफ्रिकेतली मुलं शेती आणि कारागिरी सोडून कारकुनीच्या मागे धावतात, अशी तिथल्या साहेबांची तक्रार असे. फॉस्टरने दाखवून दिलं की तिथली पुस्तकी शाळा हीच खरी धंदेशिक्षणाची शाळा होती, कारण पगाराची नोकरी तिच्याच दारातून मिळत होती. अभ्यासक्रमात सुतारकाम घातल्याने मुलांच्या आकांक्षा सुतारकामाकडे वळत नाहीत. दाम जिकडे असतो तिकडे त्या वळतात. या गोष्टीला साठ वर्षं झाली. आपले धोरणकर्ते मात्र 1986 च्या शैक्षणिक धोरणात उच्च माध्यमिकचे 25 टक्के विद्यार्थी 1995 पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवायला निघाले, जमलं नाही, आणि 2020 च्या धोरणात पुन्हा 2025 पर्यंत 50 टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायला निघाले. मधल्या काळात आपल्या राज्यात एमसीव्हीसी ही अकरावी-बारावीची व्यवसाय शाखा आली. ज्याला सायन्स, कॉमर्स, आर्ट्स कुठेच जागा मिळाली नाही त्याने तिकडे जायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

याच 2020 च्या धोरणात एक आकडा आहे, भाषणांत तो हटकून येतो : औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले कामगार जर्मनीत 75 टक्के, दक्षिण कोरियात 96 टक्के, भारतात 5 टक्क्यांहून कमी. कोरियातली बहुसंख्य मुलं शाळेनंतर महाविद्यालयात जातात. म्हणजे त्या 96 मध्ये काय काय मोजलं आहे हे एकदा तरी विचारायला नको का? आकडा मोठा आणि दूरच्या देशाचा असला की आपण हात जोडतो.

आता भाव आपल्याच सरकारने काय लावला आहे ते पाहू. आयटीआयच्या पात्र प्रशिक्षणार्थ्याला राज्यात विद्यावेतन मिळायचं महिना 40 रुपये. चाळीस! 2023 मध्ये मंत्रिमंडळाने ते 500 केलं. शिकाऊ उमेदवारीच्या 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला किमान 7,000 आणि पदवीधराला 9,000. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तर डोळे उघडणारी आहे. बारावीला 6,000, आयटीआय आणि पदविकेला 8,000, पदवीला 10,000. तहसीलमधल्या एकाच टेबलाशी बसून एकाच रजिस्टरात नोंदी करणाऱ्या तिघांना हे तीन दर! फिटरला फिटरचं काम दिलं, म्हणून त्याला कमी-जास्त दिलं, असंही नाही. पदवी वर आणि आयटीआय खाली, ही उतरंड सरकारने स्वतः रुपयांत लिहून दिली. मग बाप पोराला बी.ए.ला घालतो आणि वर्षभर पोलीस भरतीच्या मैदानावर पळवतो, तेव्हा तो लाजतो असं म्हणायचं की त्याला हिशेब येतो असं म्हणायचं?

शेजारी कोयत्याचा हिशेब मांडून बघा. जानेवारी 2024 मधल्या करारानंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. झपाटून काम केलं तर जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत जाते. शिवाय उचल असते. मुकादम हंगामाआधी रोख रक्कम हातावर ठेवतो, तिच्यातून दवाखान्याचं देणं फिटतं, पोरीचं लग्न होतं, घराचे पत्रे बदलतात. ते कर्ज आहे, त्यात पिळवणूक आहे, एका हंगामात फिटलं नाही तर पुढचा हंगाम बांधला जातो, सगळं खरं. पण ते दसऱ्याआधी हातात पडतं. त्याच्या समोर आपण ठेवतो पाचशे रुपये आणि दोन वर्षांनी मिळेल न मिळेल अशी सात हजारांची उमेदवारी.

कौशल्य नाही म्हणणाऱ्यांनी पहाटेच्या थंडीत एखाद्या फडात उभं राहावं. ऊस जमिनीला घासून तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. वर राहिला तर कारखाना ओरडतो, कोयता मातीत गेला तर धार जाते. पाचट सोलायचं, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. चिखलात, रात्री-अपरात्री, कधी पोटुशी असताना. याला अकुशल काम कोणत्या हिशेबाने म्हणायचं? आणि उद्या त्या बाईला पूर्वकौशल्याचं प्रमाणपत्र दिलं तरी टनाचा दर एका रुपयाने वाढणार नाही, कारण दर साखर संघ आणि संघटना बसून ठरवतात. परळीचं औष्णिक वीज केंद्र 2015 मध्ये बंद पडलं ते वायरमन नव्हते म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. बीडचा प्रश्न आधी पाण्याचा, जमिनीच्या तुकड्यांचा आणि भांडवलाचा आहे. तो पोरांच्या अंगच्या उणिवेवर ढकलला की सगळ्यांचीच सुटका होते.

इतकं म्हटल्यावर दुसरा पक्ष माझ्या पाठीवर थाप मारायला येईल, म्हणून त्याच्याशीही दोन शब्द. हा पक्ष म्हणतो, व्यवसाय शिक्षण म्हणजे गरिबाच्या पोराला पाना आणि श्रीमंताच्या पोराला पुस्तक; जातीचा धंदा नव्या नावाने. या संशयाला इतिहास आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. चार अर्थतज्ज्ञांनी 11 देशांची माहिती तपासून 2017 मध्ये दाखवलं की व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना नोकरी लवकर लागते, पण वय वाढतं आणि तंत्र बदलतं तसे ते मागे पडतात. सामान्य शिक्षण घेतलेले टिकतात. म्हणजे नुसता पाना देणं धोक्याचंच. पण यावरून कार्यशाळाच नको असं ठरत नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी काय मागितलं? मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्यांच्याच जोडीला शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे धडे. एकाच्या बदल्यात दुसरं त्यांनी मागितलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तोही याच समजुतीवर : वेल्डिंग करताना भूमिती आणि पंप उघडताना भौतिकशास्त्र कळतं, आणि ज्या पोराला फळ्यावर कळत नाही त्याला तिथे कळतं. पाबळहून निघालेला हा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या काही शाळांत शिकवलाही जातो. बीडच्या तालुक्या-तालुक्यांत तो का नसावा?

तेव्हा माझं म्हणणं असं. दहावीपर्यंत गणित, भाषा, विज्ञान यांत कुणालाही सूट नको. त्यानंतर जे धंद्याचं शिक्षण द्यायचं त्याच्या मागे दाम उभा करा आणि तो उभा आहे की नाही हे दर वर्षी तपासा. आपण जागा मोजतो, प्रवेश मोजतो, प्रमाणपत्रं मोजतो. तीन वर्षांपूर्वी गेवराईच्या किंवा केजच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेला मुलगा आज काय करतो आणि काय कमावतो, हे संस्थेच्या दारावर लिहिलेलं असायला हवं. व्यवसायनिहाय, मुलं-मुली वेगवेगळ्या. हे काही जगावेगळं संशोधन नाही. एक वही, एक फोन आणि चिकाटी एवढंच लागतं. 191 कोटींतला एक अंश या कामावर घातला तर बाकीचे कोटी कुठे घालायचे ते कळेल.

मुलींचा रकाना मुद्दाम वेगळा हवा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोयता जोडीने चालतो हे त्याचं एकमेव कारण नसेल, पण मोठं कारण आहे. अशा मुलीला शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरचे तीन महिन्यांचे वर्ग देऊन आपण काय साधतो? गावात आधीच चार शिलाई मशीन बंद पडून आहेत. नर्सिंगला मात्र आई स्वतः पोरीला घेऊन येते, कारण तिथे पगार दिसतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची. आयटीआयचं सत्र ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर रिकामं होतं. वसतिगृहात आयटीआय आणि नर्सिंगच्या मुलींसाठी खाटा राखल्या नाहीत तर प्रवेश कागदावरच राहणार.

राहता राहिला बीडमध्ये कारखाने कुठे आहेत हा प्रश्न. साखर कारखाने आहेत की. तेलगावला आहे, गेवराईला आहे, परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यात आहेत. बॉयलर, टर्बाइन, पॅन, सेंट्रिफ्युगल, सगळं तिथे आहे. तीस किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय तोडणी यंत्रं येऊ लागली आहेत. 2023 मध्ये राज्याने 900 यंत्रांसाठी किमतीच्या 40 टक्के, जास्तीत जास्त 35 लाखांपर्यंत, अनुदान जाहीर केलं. प्रत्येक यंत्र काही कोयत्यांची जागा घेणार आणि प्रत्येक यंत्राला चालक लागणार, हायड्रॉलिक्स कळणारा मेकॅनिक लागणार, हंगामात रात्री दोन वाजता होज फुटली तर फडात जाऊन बदलणारा माणूस लागणार. तो माणूस ज्याच्या आईबापाचा कोयता त्या यंत्राने घेतला त्याच घरचा असावा, अशी अट अनुदानाला जोडता येते. आणि कारखाना मुकादमामार्फत उचल वाटू शकतो तर उमेदवारीच्या करारावरही आगाऊ रक्कम देऊ शकतो : बिनव्याजी, बँकेतून, मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर आणि दसऱ्याच्या आत.