विश्लेषण : कंपनीतील बदल कर्मचाऱ्यांच्या जिवावर का बेततात?

विलीनीकरण, विभागांची फेररचना, नवी संगणकप्रणाली, बदल्या, नोकरकपात... कंपनीत बदल होणार म्हटले की हिशेब होतो तो खर्चाचा. कर्मचाऱ्यांच्या मनावर येणारा ताण मात्र ज्याची त्याची खासगी बाब मानला जातो. फ्रान्समधील न्यायालयांनी हा समज खोडून काढला आहे.

फ्रान्समध्ये काय घडले?

फ्रान्स टेलिकॉम (आताची ऑरेंज) ही पूर्वाश्रमीची सरकारी कंपनी. २००६ ते २००८ या तीन वर्षांत २२ हजार कर्मचारी कमी करायचे आणि १० हजार जणांना दुसऱ्या कामावर पाठवायचे, असे व्यवस्थापनाने ठरवले. अनेकांना सरकारी सेवकाचा दर्जा असल्याने त्यांना थेट काढता येत नव्हते. त्यांनी स्वत:हून जावे यासाठी सक्तीच्या बदल्या, खालच्या दर्जाची कामे आणि सततचा दबाव सुरू झाला. खटल्यात ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे समोर आली. त्यातील १९ जणांनी आत्महत्या केली होती, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता, तर आठ जण नैराश्याने किंवा तत्सम आजाराने ग्रासले होते.

न्यायालय काय म्हणाले?

डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला ७५ हजार युरोंचा दंड केला आणि माजी प्रमुख दिदिए लोम्बार्द यांना दोषी ठरवले. छळ एखाद्या साहेबाकडूनच होतो असे नाही. कंपनीचे धोरणही छळ ठरू शकते, हे तत्त्व जानेवारी २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले.

भारतात काय तरतूद?

वेतन, कामाचे तास, पाळ्या अशा ठरावीक सेवाशर्ती बदलण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती. औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण नोटीस लावली म्हणजे ताणाची तपासणी झाली, असे नव्हे.

उपाय काय?

मानसिक आरोग्याच्या धोक्यांबाबत ‘आयएसओ ४५००३’ ही मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून उपलब्ध आहेत. त्यांचे सार सोपे आहे : यंत्राचा धोका जसा आधी तपासतात, तसाच बदलाचाही तपासावा. कोणाचे काम वाढणार, कोणाचे जाणार, हे घोषणेपूर्वी पाहावे. निर्णय कधी होणार याची तारीख सांगावी. अनिश्चितता लांबली की अफवा वाढतात. नवी प्रणाली येण्याआधी प्रशिक्षण द्यावे. आजारपणाच्या रजा आणि राजीनामे अचानक वाढले, तर वेग कमी करावा.

योगवर्ग आणि समुपदेशन उपयोगी आहेत, पण ते मलमपट्टीपुरते. ताणाचे मूळ कामाच्या रचनेत असेल, तर दुरुस्तीही तिथेच हवी. ती जबाबदारी कर्मचाऱ्याची नव्हे, व्यवस्थापनाची आहे.

(मानसिक ताण असह्य होत असल्यास ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.)