चांदी गेली, कीड कुठे जाणार?

दाढेत चांदी भरण्याचे दिवस संपत आले. या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद वगळता, ती बंद केली. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात २०३४ ही अखेरची मुदत ठरवली. भारतही या करारात आहे. सांडपाण्यातून आणि स्मशानाच्या धुरातून पसरणारा पारा थांबायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो तिच्या जागी येणाऱ्या पांढऱ्या कॉम्पोझिटचा. दिसायला ते दातासारखंच. पण जंतूंनाही ते आवडतं.

दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर आणि भरलेल्या भागावर चढतो. जंतू बहुतेक वेळा त्या पापुद्र्याला चिकटतात. म्युटन्स नावाचा जंतू साखरेपासून चिकट ग्लुकान बनवून तिथेच बिऱ्हाड करतो आणि आम्ल सोडत राहतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जंतूंचा थर झपाट्याने वाढतो. कॉम्पोझिटमधलं रेझिन झिजलं की आतले बारीक कण वर येतात, म्हणजे खडबडीतपणा आलाच. शिवाय निळ्या दिव्याखाली घट्ट होताना ते साधारण दोन-तीन टक्के आकसतं आणि दाताच्या कडेला फट राहू शकते. लाळेतली आणि जंतूंची काही विकरं रेझिनलाच पोखरतात, ते वेगळंच. उलट चांदी कडेला गंजते, तो गंज फट भरत जातो, आणि तिच्यातले धातूचे अंश जंतूंना थोडाफार आवर घालतात.

वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात मागच्या दाढांत कॉम्पोझिट अधिक वेळा निकामी झालेलं आणि त्याखाली पुन्हा कीड अधिक लागलेली आढळली. पण त्यातल्या मोठ्या चाचण्या लहान मुलांवरच्या आहेत, आणि सामान तेव्हापासून सुधारलं आहे. प्रयोगशाळेत एकाच जातीचे जंतू चकतीवर वाढवून काढलेले निष्कर्ष रोज ब्रश फिरणाऱ्या तोंडाला जसेच्या तसे लागूही पडत नाहीत.

मग ग्लास आयोनोमर हे दुसरं सिमेंट? विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये ते जगापुढे मांडलं. ते फ्लोराइड सोडतं, दाताला आपोआप चिकटतं, दात थोडा ओला असला तरी निभावतं. पण फ्लोराइडचा जोर सुरुवातीच्या दिवसांपुरताच, आणि चावण्याच्या ताणात ते लवकर झिजतं. ज्यांच्या तोंडात कीड भराभर पसरते, किंवा जी मुलं शांत बसत नाहीत, त्यांच्यासाठी मी तरीही त्याच बाजूचा.

बाकीच्यांसाठी कॉम्पोझिटच, पण घाईत नाही. दात कोरडा राखण्यासाठी रबर डॅम लावायला आणि निळा कागद चावायला देऊन उंचवटा घासून झाल्यावर बारीक चकत्यांनी पॉलिश करायला वेळ लागतो. हाच वेळ कापून दर उतरवले जातात. स्वस्तात भरलेल्या दाढेचं पुढचं बिल कीड पाठवते.

आणि जुनी चांदी काढायची का? शाबूत असेल तर नको. ती खरवडताना पाऱ्याची वाफ निघते आणि भोवतालचा चांगला दातही जातो.